हुकूम कुणाचा?

कात्रजला आमच्या रस्त्यावरचे वड तोडायचे ठरले तेव्हा मी पत्रक लिहिलं. पत्रकं मी बरी लिहिते. पहिलं दिलं आमच्याच इमारतीतल्या निवृत्त सुभेदारकाकांना. म्हटलं, "धरण्याला सगळ्यात पुढे तुम्ही बसायचं. पदकं लावून."

"बसतो. पदकं घरी राहतील."

"का?"

"ती लावली की मी शपथेतला माणूस. सरकारविरुद्ध बसायला ती न्यायची नसतात."

मला रागच आला. निवृत्त माणसाला कसली आलीय शपथ? पण तिच्यात असतं तरी काय, हे जाणून घ्यायचंही होतं. म्हणून विचारलं.

"संविधानाशी निष्ठा. वरिष्ठांचा हुकूम पाळायचा, जीव गेला तरी. हिंदीत होतं सगळं. मी गावाहून नुकताच आलेलो, निम्मं कळलंच नाही. म्हणवून घेतलं तसं म्हटलं."

"न कळता म्हटलेलं जन्मभर कसं बांधतं?"

"लग्नात काय म्हटलं ते तरी कुठे कळलं होतं, पोरी?"

आतून काकू म्हणाल्या, "अजून कळलेलं नाही."

धरण्याला काका साध्या सदऱ्यात आले. सतरंजीच्या कडेला ताठ बसले. घोषणा एकही दिली नाही. दुपारी पोलीस आले. त्यांचे साहेब वाकून म्हणाले, "आजोबा, उठा आता."

"हुकूम कुणाचा?"

"वरून आहे."

"वरून म्हणजे कोण? नाव, हुद्दा?"

साहेबांनी एक फोन लावला, मग दुसरा. झाडं तोडायला आलेली माणसं टेम्पोत पेंगायला लागली. माझ्या एकाही पत्रकाने आजवर इतकं काम केलं नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

चारच्या सुमारास सहीशिक्क्याचा कागद आला. काकांनी चष्मा लावून तो सगळा वाचला, उठले आणि चपला शोधायला लागले.

"काका, आणि झाडं?"

"हुकूम चुकीचा आहे. पण आता हुकूम आहे."

"चुकीचा आहे तर उठता कशाला?"

"मी उठणार. तू बस की. तू कुठे शपथ घेतलीयस?"

मी बसले. पोलिसांनी उचलून गाडीत घालेपर्यंत बसले. वड गेले. चूक कळत असूनही काका उठले, याचा राग अजून आहे. पण गाडीत बसल्या बसल्या मी वेगळाच विचार करत होते. मला तर कुणी काही म्हणायला लावलं नव्हतं. मग मी का नाही उठले?

चौकीवर सगळ्यांत आधी डबा घेऊन आले ते काकाच.

मी विचारलं, "हा हुकूम कुणाचा?"

"काकूचा," ते म्हणाले. "गरम आहे तोवर खा."