लेलेकाकांची कानटोपी आणि फायनल टेबल

किस्से कसे साचतात, ते आमचं गराज बघितलं की कळतं. एक मोडकी खुर्ची ठेवली की तिच्या सोबतीला दुसरी येते. तसंच किश्शांचं. कुणीतरी चहाचा कप हातात घेऊन म्हणतं, "त्या वर्षी राजननं काय केलं, आठवतंय?" की झालं!

आम्ही इथे परदेशात, माउंट रॉस्किलला राहतो. आमची मराठी मंडळी दर हिवाळ्यात एका शनिवारी आमच्या गराजमध्ये पोकरची टूर्नामेंट खेळतात. पैसे अजिबात नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्स. चिप्स संपल्या की माणूस बाद. शेवटी उरलेले चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात, ते फायनल टेबल. जिंकणाऱ्याला फिरता पितळी तांब्या, त्यावर नाव कोरून!

*

राजन आयटीतला, पुण्याचा. सगळ्यांना स्ट्रॅटेजी तोच शिकवतो. पहिल्या वर्षी त्यानं आम्हाला समोर बसवून सांगितलं, "फायनल टेबलला एकच नियम. बाकीच्यांना आपसांत भांडू द्यायचं. आपण पत्ते टाकायचे, म्हणजे डाव सोडून द्यायचा, आणि गप्प बसायचं."

आमचे हे म्हणाले, "एवढंच ना? मी लग्नापासून हेच करतोय!"

*

आमच्याकडे फायनल संपल्याशिवाय पानं वाढायची नाहीत, असा नियम आहे. एका वर्षी खेळ काही संपेना. मी आपलं स्वयंपाकघरात जाऊन तेल तापत ठेवलं. पहिली पुरी फुगली, वास गराजमध्ये गेला, आणि राजननं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. "ऑल-इन!"

हातात काय होतं? दुरी आणि सत्ती! याच्याहून वाईट पत्ते नसतात म्हणे.

"अरे, तुझी स्ट्रॅटेजी कुठे गेली?"

"वहिनी, स्ट्रॅटेजी पोट भरलेल्या माणसासाठी असते."

*

वंदना माझी मैत्रीण. रेस्ट होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं सगळं करते. पहिल्यांदा फायनलला आली तेव्हा तिनं आमच्या ह्यांना एका डावात पार धुऊन काढलं. चिप्स ओढून घेतल्या, मग ह्यांच्यासमोरची रिकामी जागा बघून तिला कसंतरी झालं. तिनं मूठभर चिप्स परत सरकवल्या. "भाऊजी, तुम्हाला काहीच उरलं नाही हो. घ्या ना थोड्या!"

राजन ओरडला, "वहिनी, फायनल टेबल आहे, पंगत नाही!"

*

आता लेलेकाका. मंडळींत सगळ्यात मोठे, मुंबईला इंजिनियर होते. खेळतात जोरात, पण पत्ते कधीच टाकत नाहीत. "टाकायला आलोय का मी एवढ्या थंडीत?" दर वर्षी तांब्या हातात घेऊन त्यावरची नावं मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, "इथे खाली जागा आहे अजून."

पण त्यांना तांब्या मिळणार कसा? गराज थंडगार, म्हणून काका कानटोपी घालून बसतात. आणि चांगले पत्ते आले की त्यांना आतून ऊब येते की काय कोण जाणे, ते टोपी काढून टेबलावर ठेवतात! टोपी निघाली की आम्ही सगळे भराभर पत्ते टाकून मोकळे. काका म्हणतात, "माझ्या हातात चांगलं आलं की तुम्हा सगळ्यांना वाईटच कसं येतं?"

कुणी कधी सांगितलं नाही. काकूंनीसुद्धा!

एकदा जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, समुद्रावर पिकनिकला गेलो होतो, तिथे पत्ते काढले. काका शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या स्लिपरांत, डोकं उघडं. तासाभरात सगळ्यांना बाद केलं! घरी येताना गाडीत राजन हळूच म्हणाला, "टूर्नामेंट हिवाळ्यातच ठेवायची हं."

*

आणि मग ते तिकिटाचं वर्ष.

हेन्डरसनला आमच्यातल्याच मिलिंदचं ट्रॅव्हलचं दुकान आहे. त्यानं त्या वर्षी तांब्यासोबत मुंबईचं जाऊन-येऊन तिकीट ठेवलं. साताऱ्याला वंदनाच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. वंदनाला रजा मिळाली होती, पण तिकीट जमत नव्हतं. आम्ही मिळून काढून देतो म्हटलं, तर म्हणाली, "आईला काय सांगू, वर्गणी काढून आले?" विषय संपला.

फायनल टेबलला आम्ही पाच जण. राजन, आमचे हे, मी, काका आणि वंदना. कुणी कुणाशी बोललं नव्हतं, पण आमच्या तिघांच्याही मनात एकच. हरायचं, आणि वंदनाकडे हरायचं! राजननं भिकार पत्त्यांवर ऑल-इन केलं. मग ह्यांनी. मग मी.

पण वंदना राजनचा नियम घोकून आलेली! बाकीच्यांना भांडू द्यायचं, आपण पत्ते टाकायचे. दर वेळी शांतपणे पत्ते टाकून बसली. आणि पत्ते कधीच न टाकणारे काका आमच्या सगळ्या चिप्स घेऊन गेले!

राजन डोक्याला हात लावून उभा. काकांसमोर चिप्सचा डोंगर, वंदनासमोर चिमूटभर. पुढचे पत्ते वाटले. वंदनानं आपले बघितले, डोळे मिटले आणि होत्या तेवढ्या चिप्स पुढे सरकवल्या.

"ऑल-इन."

काकांनी पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले. मग दोन्ही हातांनी कानटोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

राजननं तोंड उघडलं, मी त्याचा पाय दाबला. वंदना खाली मान घालून बसलेली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि पत्ते पालथे टाकून गठ्ठ्यात मिसळून टाकले.

"तुझं, बाळ."

त्यानंतर वंदनाचे पत्ते असे फिरले की विचारू नका! काका नेहमीसारखे प्रत्येक डाव खेळत राहिले आणि हरत राहिले. शेवटची चिप वंदनाकडे गेली तेव्हा तिनं सवयीनं मूठभर चिप्स परत सरकवल्या. आम्ही सगळे एकदम ओरडलो, "नको!"

मग मी पुऱ्या तळल्या. वंदना एका हातात तांब्या धरून दुसऱ्या हातानं जेवत होती. काकूंनी काकांना श्रीखंड वाढता वाढता विचारलं, "आयुष्यात पहिल्यांदा पत्ते टाकलेत. काय होतं हो हातात?"

"काही नव्हतं गं," काका म्हणाले. "माझी टोपी दे बघू. थंडी वाजतेय."