मेणाच्या दुपारी

दिवाळीच्या आधीचे दोन महिने आमच्या घराला मेणाचा वास यायचा. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात बचत गटाच्या बायकांना मेणबत्त्या करायला शिकवलं, तेव्हा आमच्या घरातून मी आणि माझी थोरली जाऊ गेलो होतो. बाकीच्या बायका शिकल्या आणि विसरल्या. आम्ही मात्र साचे आणले, गोठ्याशेजारची पत्र्याची खोली झाडून घेतली आणि कामाला बसलो.

जावेला मी अक्का म्हणायचे. लग्न होऊन आल्यापासून आमचं बोलणं मिठा-पिठापुरतंच होतं. ती आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर वाढलेली, मी तालुक्याच्या शाळेत शिकलेली. एकमेकींशी काय बोलावं, हे दोघींनाही उमगत नव्हतं. मेणानं आम्हाला एका खोलीत बसवलं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं लहान पातेलं आणि खाली गॅसची बारीक आच. मेण वितळायला वेळ लागायचा. तोवर साच्यांना तेलाचं बोट फिरवायचं, वाती ओवायच्या आणि बोलत राहायचं. तिचं माहेर, माझं माहेर, गावातली लग्नं, सगळं बोलून संपायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्यानं सुरू व्हायचं.

अक्काची शिस्त मात्र कडक होती. शेगडीपाशी नायलॉनची साडी नेसून यायचं नाही. पदर कमरेला घट्ट खोचायचा, वेणीचा अंबाडा घालायचा. पोती, कागद, चिंध्या दाराबाहेर. पातेल्यावर नीट बसेल असं झाकण कायम हाताशी, आणि मेण आचेवर असताना कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. मला ते जरा अतीच वाटायचं. पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा अंबाडा घालणं सोपं होतं.

एकदा पाटोद्याच्या एका दुकानदाराला संध्याकाळपर्यंत माल हवा होता. आम्ही दोघी दारातच बसून साच्यांतून मेणबत्त्या काढत होतो. शेगडीकडे बघायला सासूबाई आल्या होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. पाण्यात बसवून मेण कधी वितळायचं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पाण्याचं पातेलं बाजूला काढलं, मेणाचं थेट शेगडीवर ठेवलं आणि आच मोठी केली. आमची पाठ होती, आम्हाला कळलंच नाही.

आधी धुराचा उग्र वास आला. वळून बघते तो पातेल्यातल्या मेणानंच पेट घेतलेला. साचे गार करायला पाण्याची बादली तिथंच असायची. आत्याबाईंनी ती उचललीसुद्धा. मी जागची हलले नाही. अक्कानं धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"आत्याबाई, पाणी न्हाई. पाणी टाकू नका."

तिनं बादली त्यांच्या हातून घेऊन खाली ठेवली, गॅस बंद केला आणि झाकण कडेनं सरकवत पातेल्यावर बसवलं. कडेनं थोडा धूर निघाला आणि थांबला. एवढंच झालं. भिंतीवर काजळीचा एक पट्टा तेवढा उमटला.

विझलं का ते बघू, म्हणून आत्याबाईंनी झाकणाकडे हात नेला. अक्कानं त्यांना खाली बसवलं. पातेलं पार गार होईपर्यंत झाकण काढायचं नाही, काढलं तर पुन्हा भडकेल, असं तिनं सांगितलं. मग आम्ही तिघी त्या पातेल्याकडे बघत बसून राहिलो. कुणाला बोलवलं नाही. आत्याबाईंनीच विचारलं, पाण्याचं तुला कसं ठाऊक?

अक्का बोलली ती हळू, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय अशी. ती लहान असताना होळीच्या दिवशी फडावर तिची आई कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, भजी तळत होती. कढईतलं तेल पेटलं. आईनं घाबरून तांब्याभर पाणी ओतलं आणि जाळ उसळून वर गेला. कोपीचं छप्पर उसाच्या पाचटाचं. पोरं बाहेर खेळत होती म्हणून वाचली. अंथरूण, धान्य, कपडे, सगळं गेलं. आई बाहेर आली, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

"तवापासून माय हात पदराखाली धरती," अक्का म्हणाली. "चार माणसांत तर काढतच न्हाई."

अक्काची आई आमच्याकडे यायची, तेव्हा डाव्या हातानं चहाचा कप घ्यायची, आणि ती गेल्यावर आत्याबाई आमच्यापाशी कुरकुरायच्या की विहिणीला रीत नाही. ते मी ऐकलेलं होतं, अक्कानंही ऐकलेलं असणार. त्या दिवशी चहा आत्याबाईंनी स्वतः केला आणि अक्काला आधी दिला.

त्यानंतर नारायणगडाच्या यात्रेला आम्ही सगळ्या गेलो. अक्काची आईही आली होती. आत्याबाई तिला बांगड्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. विहीण मागं सरत होती, नको म्हणत होती. आत्याबाईंनी तिचा उजवा हात पदराखालून काढून आपल्या मांडीवर घेतला आणि कासाराला म्हणाल्या, "दोन्ही हात भरा." त्या माऊलीनं मान खाली घातली ती बांगड्या भरून होईपर्यंत वर केली नाही. अक्का दुकानाबाहेर यात्रेकडे तोंड करून उभी राहिली.

पुढं अक्काच्या मुलाला पुण्याकडं नोकरी लागली आणि ती त्याच्याकडं राहायला गेली. आता गटातल्या नव्या सुना माझ्याबरोबर काम करतात. त्यांनाही मी अंबाडा घालायला लावते, त्या हसतात. माल पूर्वीपेक्षा जास्त निघतो. पण मेण वितळेपर्यंत त्या आपापल्या फोनमध्ये बघत असतात आणि मी वाती ओवत बसते. मागच्या दिवाळीला अक्का आली, तेव्हा मुद्दाम दुपारी खोलीत येऊन बसली. आम्ही मेणाला हातही लावला नाही. नुसत्या बोलत राहिलो, गुरं परत येईपर्यंत.