पव्याची चिठ्ठी माझ्या पाकिटात होती

पव्याला मी मारलं.

"असं बोलू नये" म्हणून कमेंट करायच्या आधी पुढचं वाचा.

आज वर्ष झालं. प्रवीण, माझा लंगोटीयार. सातारा जिल्ह्यातल्या औंधचा. यमाईच्या पायऱ्या रोज पहाटे पळत चढणारा. वय एकवीस.

त्याच्या आईला, आमच्या काकींना, मोतीबिंदू. गावात डोळ्यांचा कॅम्प लागला तेव्हा आम्ही दोघं त्यांना घेऊन गेलो. काकींची तपासणी झाल्यावर पव्या तिथल्या डॉक्टर मॅडमना सहज म्हणाला, "मॅडम, माझं पण डोकं लय दुखतंय. चष्मा लागलाय का बघा की."

नंबर नव्हता. तरी मॅडमनी थेंब घालून डोळे आतून तपासले. मग दंडाला बीपीचा पट्टा लावला. दोनदा.

"पडद्यावरच्या शिरा बारीक झाल्यात. हे वाढलेल्या बीपीमुळं होतं. नीट दिसतंय म्हणून अंगावर काढू नका. उद्याच साताऱ्याला दाखवा."

आणि चिठ्ठी दिली.

बाहेर आलो. थेंबांमुळं पव्याला ऊन सोसेना, अक्षर लागेना.

"घुबड दिसतोयस लेका," मी हसलो.

"हसतोस काय? वाच की रं, काय लिवलंय."

मी वाचली. त्यानं मला काकींपासून बाजूला ओढलं.

"धा दिसांवर मिलिटरी भरतीचं मेडिकल हाय. वयात बसणारी ही शेवटची भरती. कुणाला बोलू नगंस. आयला तर न्हाईच."

मी चिठ्ठी पाकिटात घातली.

एवढंच केलं असतं तरी बरं. आमच्या आबांच्या बीपीच्या गोळ्या मीच त्याला चोरून दिल्या. ग्राउंडवरच्या पोरांचा जुना फॉर्म्युला.

मेडिकलला बीपी नॉर्मल. पव्या फिट!

काकींनी गावभर पेढे वाटले.

"बघ गड्या, मिलिटरीच्या डॉक्टरनं पास केलंय. त्या मॅडमला काय कळतंय?" पव्या म्हणाला.

गोळ्या बंद. मलाही पटलं. आमच्याकडं मिलिटरीनं फिट म्हटलं की विषय संपतो.

जॉइनिंगला बारा दिवस राहिले होते. भर दुपारी जेवता जेवता डोकं धरून कोसळला.

साताऱ्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. "याला बीपी होतं का? आधी कधी कळलं होतं?"

"न्हाई ओ," काकी म्हणाल्या. "पोरगं मिलिटरीत पास हाय."

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

आज वर्षश्राद्धाला गेलो. चिठ्ठी काकींच्या हातात दिली. सगळं सांगितलं. म्हटलं, मारा मला.

त्यांनी चष्मा लावला. त्या कॅम्पनंतर ऑपरेशन झालंय, आता चांगलं दिसतं त्यांना. चिठ्ठी सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

"मला तवा दिसत नव्हतं रं बाळा," म्हणाल्या. "तुला तर दिसत हुतं की."

भरतीच्या पोरांनो, उसन्या गोळीवर पास होऊ नका. हात जोडतो.

पव्या, तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड मला नाही. तरी वाहतोय.

जा गड्या.