उजेड शिरलाय, काकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

नवा रायपूरमधल्या एका इस्पितळात मी यंत्रं सांभाळायचो. त्यातलं एक माझं लाडकं — आमच्याच चमूनं बनवलेलं. दुसऱ्याची किडनी बसवतात ती जांघेच्या वर, कातडीखाली उथळच. त्यावर एक पट्टी चिकटवायची. पट्टी आत उजेड सोडते, आणि परत येणाऱ्या उजेडावरून किडनीत रक्त किती फिरतंय ते सांगते. रक्त घटलं की बोंबलते. एकच खोड — कडेनं ऊन शिरलं तरी बोंबलायची. आणि त्या नव्या इमारतीत खिडक्या काय, भिंतीएवढ्या! मग आम्ही पडदा ओढायचो, आवाज बंद करायचो. हात सरावले होते.

गिरीशला त्याच्या आईनं किडनी दिली होती. जुन्या रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्या काकू, माहेर अमरावतीकडचं. मी मराठी, म्हणून मला हक्कानं भाऊ म्हणायच्या. त्या दुपारी सरकारी पाहुणे यंत्र बघायला येणार होते. मी इस्त्रीच्या शर्टात उभा — आणि पट्टी बोंबलली. पडदा नेमका धुवायला गेलेला. काकू तेव्हा स्वतःचे टाके सांभाळत लेकाला बघायला आल्या होत्या.

"काहून वाजून राह्यलं जी, भाऊ?"

"उजेड शिरलाय, काकू."

त्यांनी अंगावरची शाल काढली आणि दोन्ही हातांनी खिडकीवर धरली. गिरीशच्या पोटावर सावली पडली. तरी आवाज थांबेना. मग आता काय शिरत होतं? मला शंका आली — नाही, खोटं कशाला बोलू — मला कळलं, रक्तच घटतंय. पण सकाळीच एका खोट्या बोंबेवर मी डॉक्टरांना पळवलं होतं, आणि त्यांनी चारचौघांत माझी खरडपट्टी काढली होती. पुन्हा हाक मारायची? पाहुण्यांच्या तोंडावर? मी इशाऱ्याची मर्यादा खाली ओढली — रक्त आणखी घटेपर्यंत पट्टी गप्प. दिवा हिरवा झाला. पाहुण्यांनी वाहवा केली. आणि काकू? त्या शाल धरून तशाच उभ्या, कुणीतरी फोटो काढला तेव्हा हसल्यासुद्धा.

लघवी थांबली तेव्हा कुठं डॉक्टर धावले. किडनीच्या नसेत रक्त गोठलं होतं. किडनी काढून टाकावी लागली.

डॉक्टर मला म्हणाले, "आपकी भाषा की हैं, आप ही समझाइए." काय सांगायला हवं होतं? नस गोठली, कुणाचा दोष नाही — एवढं तरी. पण गिरीश तेव्हा गुंगीत होता; तो आवाज ऐकलेली बाहेरची बाई ती एकटीच. आज ना उद्या विचारलं असतं तिनं. म्हणून मी शेजारी बसलो, तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "काकू, तुमची किडनीच थकलेली होती." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तिचा चेहरा विझला, आणि मला — लाज वाटते सांगायला — हायसं वाटलं. आता ही बाई काही विचारणार नाही, हे मला दिसलं.

"माहीच खराब निघाली?" एवढंच म्हणाली ती. मी मान डोलावली.

गिरीश काही काळ डायलिसिसवर राहिला. मग गेला. आमचं यंत्र पुढं सुधारलं, आता ऊन शिरत नाही. मला बढती मिळाली.

मागं एकदा ब्राह्मणपाऱ्यात, देवळासमोरच्या गल्लीत, काकू समोरून आल्या. मी गाडीवर, वळायला जागा नव्हती. सोबतच्या पोरीला म्हणाल्या, "हे ते भाऊ. यायनं लय केलं आपल्या गिरीशसाठी." मग माझ्याकडं बघून, हळू आवाजात — "माह्यातच खोट होती ना जी? पोट्ट्याले मीच मारलं ना?"

थांबून बघत होत्या माझ्याकडं. उत्तर हवं होतं त्यांना.

मी मान डोलावून "हव" म्हणालो आणि गाडीला किक मारली.