मनगटावरचा बँड आणि आम्ही तिघं

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. रफिकभाईच्या गादीच्या दुकानात तासभर बसलं की सदऱ्यावर कापसाचे तंतू आपोआप चिकटतात, तसे तेही चिकटतात. मी, रफिकभाई आणि बाबाराव, आम्ही तिघं मंगरूळपीरच्या एकाच शाळेत एकाच बाकावर बसून छड्या खाल्ल्या. पुढे मी मास्तर होऊन दुसऱ्यांच्या पोरांना छड्या दिल्या आणि रिटायर झालो. रफिकभाईनं वडिलांचं दुकान धरलं, बाबारावनं गावाला लागून असलेली शेती. संध्याकाळचा चहा मात्र अजून या दुकानातच होतो. जुन्या गोष्टी इतक्यांदा सांगून झाल्या आहेत, की एकानं अर्धी सांगितली तरी बाकीचे दोघं हसून घेतात. गेल्या वर्षी आमच्यात तो फिटनेस बँड शिरला आणि नव्या किश्श्यांची सोय झाली.

*

तो आला असा. बाबारावच्या छातीत एकदा दुखलं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण चालणं सोडू नका. त्याचा मुलगा नंदू पुण्यात नोकरीला आहे. तो धावत आला आणि जाताना बापाच्या मनगटावर बँड बांधून गेला. बाप किती चालला, ते त्याला तिकडे मोबाईलवर दिसणार. दिवसाचं चालणं पुरं झालं की पडद्यावर एक हिरवं वर्तुळ पूर्ण होतं. बाबाराव त्याला चाक म्हणतो.

सोबत तंबीही होती. चाक पुरं होत नसेल तर शेती बटाईनं द्यायची आणि पुण्याला यायचं. बाबारावची बायको गेल्यापासून घरात तो एकटा आणि गोठ्यात बैलजोडी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बैल बांधता येत नाहीत. म्हणजे या माणसाचं सगळंच त्या चाकावर येऊन थांबलं.

त्याचं पाहून आम्ही दोघांनीही बसस्टँडजवळून एकेक बँड आणला. गरज काही नव्हती. पण शाळेत एकानं नवी पेन्सिल आणली की बाकीचे दोघं घरी जाऊन रडायचे, ती सवय अजून गेलेली नाही.

*

रफिकभाईकडे आता पिंजायचं मशीन आहे, पण जुन्या गादीचा कापूस तो अजून काठीनंच झोडतो. वडिलांनी शिकवलेलं सुटत नाही म्हणतो. तर एका दुपारी तो असा झोडत बसला असताना बँड थरथरला. चष्मा लावून त्यानं पाहिलं. बँड विचारत होता, तुम्ही पोहत आहात का?

त्यानं मनगट माझ्यासमोर धरलं. "मास्तर, इथं आंघोळीले पाणी पुरत नाई, आन् हे मले पोहाले लावून राह्यलं!"

*

माझा किस्सा खाण्याचा आहे. बाबारावच्या शेतात दरवर्षी मारुतीला रोडगे होतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पळसाच्या पानावर जेवायचं. आधी बाबारावची आई वाढायची, मग त्याची बायको. आता आम्हीच भाजतो, आम्हीच करपवतो. त्या दोघींच्या हातचे रोडगे मला अजून आठवतात, हे मी कबूल करतो.

यंदा जेवल्यावर मी कॅलरी नोंदवायला बसलो. मोबाईलमध्ये पिझ्झा होता, पास्ता होता, कसलंसं परदेशी गवत होतं. रोडगा नव्हता. रफिकभाई म्हणाला, बर्गर लिहा, आकार तोच आहे. मला ते पटेना. मी लिहिलं, ब्राऊन ब्रेड, दोन. लगेच शाबासकी आली, की आज तुमचा आहार अगदी हलका झाला आहे. तेव्हा मला पानावरून उठवायला दोघं लागले होते.

*

आमच्या सौभाग्यवतींनी बँडला कधी हात लावला नाही. एकदा कुरडयांच्या दिवशी मी तो हौसेनं तिच्या हाताला बांधला. पहाटेपासून चीक शिजवून, घोटून ती गच्चीवर साचा घेऊन बसली होती. अर्ध्या कुरडया पडल्या असतील नसतील, बँडचा निरोप आला. बराच वेळ बसून आहात, उठा आणि जरा हालचाल करा. मी तो वाचून दाखवला, हीच माझी चूक.

"इतक्या वर्षांत तुमी कधी म्हटलं नाई, का जराशी पड म्हणून," ती म्हणाली. "आन् हे म्हणते, उठ!"

बँड माझ्या हातात आला. मागोमाग साचाही आला.

*

कबड्डीत बाबारावचा दम पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. एकदा आम्ही धनजला सामने खेळायला गेलो आणि जिंकलो. त्या खुशीत परतीची एसटी चुकली. कारंज्याच्या रस्त्यानं आम्ही पायी निघालो, वाटेत एक बैलगाडी मिळाली, आणि गाडीवाल्याला सामना इतक्यांदा ऐकवला की त्यानं आम्हाला मधेच उतरवून दिलं. तेव्हा किती चाललो हे मोजायला कोणाच्या मनगटावर काही नव्हतं. घड्याळसुद्धा नव्हतं.

तर त्या बँडमध्ये श्वासाचा व्यायाम आहे. परवा दुकानात बाबारावनं तो लावला. श्वास घ्या, रोखा, सोडा. त्यानं श्वास घेतला, डोळे मिटले आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." दम आता पूर्वीचा नाही, पण लय तीच. मी ऐकत राहिलो. रफिकभाईला मात्र राहवलं नाही. त्यानं बसल्या जागेवरून सूर मारला आणि बाबारावचा पाय धरला. दोघं जाऊन नव्या गादीवर पडले. ती गादी एका लग्नाची होती.

*

पावसाळ्यात नंदूचा मला फोन आला. बाबा दिवसभर बसूनच राहतात का, म्हणून विचारत होता. चाक अर्ध्यावरही जात नव्हतं. असंच राहिलं तर मी त्यांना घेऊन जातो, म्हणाला. मला काही समजेना. बाबाराव तर रोज बैलांमागे शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, डवरणी करत पिकातलं तण काढत होता. मी स्वतः पाहिलं होतं.

बँड बिघडला असेल, असं आम्ही धरलं. मित्राला पुण्याला जाऊ द्यायचं नाही, हेही ठरलं. रफिकभाईनं पट्टा बदलून देतो या बहाण्यानं बाबारावचा बँड मागून घेतला, दिवसभर स्वतःच्या हाताला बांधला आणि दुकानातला सगळा कापूस झोडून काढला. संध्याकाळी चाक पुरं हिरवं! नंदूनं माझ्या मोबाईलवर नुसता एक अंगठा पाठवला. आम्ही तो कौतुकानं बाबारावला दाखवला.

बाबारावनं तो बघितला, बँड हिसकावून घेतला आणि रफिकभाईला म्हणाला, "तुले कोनं सांगतलं होतं?"

दोन दिवस तो चहाला आला नाही. उपकाराचे दिवस राहिले नाहीत, असं रफिकभाई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी नंदू गाडी घेऊन आला. बापाला घेऊनच जायचं, असं ठरवून आला होता. आधी त्यानं बाबारावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत चांगली आहे, भरपूर चालणं दिसतं, असंच चालू ठेवा. नंदूला वाटलं, यांनी दुसऱ्याच कोणाचा कागद पाहिला.

दुपारी बाबाराव बैल धुवायला नाल्यावर गेला. मी आणि रफिकभाई ओसरीवर बसलो होतो. बैलांच्या घुंगरमाळा काढायला नंदू गोठ्यात गेला आणि परत आला तो एका हातात माळा आणि दुसऱ्या हातात बाबारावचा बँड घेऊन. माळांच्याच खुंटीला टांगलेला होता, म्हणाला. बाप नाल्यावर आणि बँड खुंटीवर.

बाबाराव आला. बैल बांधले, पाय धुतले आणि येऊन आमच्याजवळ बसला. नंदू त्याच्या समोर बसला. ओरडला नाही, पण आवाज चढलाच होता.

"बाबा, तुमी रोज इतकं चालता. मंग बँड काढून कायले ठेवता?"

बाबारावनं माळा जवळ ओढल्या आणि धोतराच्या सोग्यानं एकेक घुंगरू पुसायला घेतलं.

"चाक पुरं झालं का तू अंगठा पाठवतं," तो म्हणाला. "नाई झालं तं फोन करतं."

रफिकभाई खाली बघायला लागला. नंदूच्या हातालाही बँड होता. बसून फार वेळ झाला, उठा, जरा चाला, म्हणून तो थरथरला.

नंदू उठला नाही.