सात नंबरची अळी

सौंसरच्या आठवडी बाजारात पुंडलिकराव दिसले की भाजीवाल्या न बोलता एक टमाटर जास्त टाकायच्या. पुंडलिकराव तो उचलून परत ठेवायचे. "जास्तही नको, बाई. जास्त बी चुकीचंच." नापतौल म्हणजे वजनमाप खात्यात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरात साखर आली की ती आधी काट्यावर आणि मग डब्यात जायची. जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्या पेढ्याच्या डब्यातून खोक्याचं वजन वजा करून त्यांनी त्याला हसत आकडा सांगितला होता. जावई तेव्हापासून केळी आणतो, डझनावर.

या माणसावर जी पाळी आली ती एका मरळीमुळे, म्हणजे एका माशामुळे.

मोहगाव रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग. बागेतल्या विहिरीत चार वर्षांपासून एक मरळ राहते. काळी, हातभर लांब, दिवसभर लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून. देवकाबाईंनी, म्हणजे पुंडलिकरावांच्या बायकोनं, तिचं नाव ठेवलं चंचल. रोज सकाळी काठावर उभं राहून "चंचले!" अशी हाक मारायच्या आणि चतकोर भाकर टाकायच्या. माहेरी फोन करतानासुद्धा बाई इतकं गोड बोलत नसत.

यंदा विहिरीचा गाळ काढायचा ठरला. कुलदीप ठेकेदार सोमवारी माणसं घेऊन येणार होता. आणि इकडची रीत अशी की गाळ काढताना विहिरीत जो मासा निघेल तो गाळ काढणाऱ्यांचा. कुलदीपनं पाण्यात वाकून पाहिलं आणि तिथल्या तिथं फोन लावला, "अवं, सोमवारी मसाला वाटून ठेवजो. जास्त वाट."

देवकाबाईंनी दोन दिवस जेवण सोडलं. "सोमवारच्या आधी तिले जित्ती बाहीर काढा, नाही तं मी बी त्याच रश्श्यात बसतो."

देवकाबाईंचा भाऊ गुणवंता जाळं घेऊन आला. चंचल भिंतीतल्या कपारीत शिरून बसली.

"गळाले भाकर लावू, बाई," गुणवंता म्हणाला.

"खबरदार! माह्या भाकरीत गळ निघाला तं ते जन्मात कोणावर भरोसा ठेवन का?"

मग बंगळुरूहून मुलानं, अंकुरनं, उपाय पाठवला. गळाला लावायच्या रबराच्या बारा अळ्या, मऊ, हिरव्या, पाकिटावर लिहिलेलं 'प्रत्येकी पाच ग्रॅम'. फोनवर म्हणाला, "बाबा, मरळ आळशी असते. जी अळी हळूहळू बुडन तिच्यावरच झडप घालते. पाहून घेजा कोणती हळू बुडते."

अंकुरची चूक एवढीच झाली की त्यानं पाकिटावरचा आकडा खोडला नाही.

पुंडलिकरावांनी सोनाराकडचा बारीक काटा आणला. अंगणातला पाण्याचा ड्रम भरला, तळाशी पांढरी थाळी ठेवली म्हणजे अळी टेकलेली दिसावी. गुणवंताच्या हातात मोबाइलचं घड्याळ दिलं, स्वतः वही घेतली.

"भाऊजी, काय करून राहिले जी?"

"तपासणी."

एकेक अळी नंबर देऊन आधी काट्यावर, मग पाण्यावर. तीन फुटांचा ड्रम. चार नंबर: चार ग्रॅम अठ्ठ्याण्णव, तीन सेकंदांत दगडासारखी तळाला. अकरा नंबर: पाच ग्रॅम साठ, रुंद शेपटीची, सात सेकंद. पुंडलिकराव थांबले. पुन्हा सोडली. पुन्हा सात.

"जड असून उशिरा?" त्यांनी चष्मा पुसला. "हे जमत नाही."

"शेपटी हलते नं, भाऊजी. पाणी अडते तिले."

"म्हणजे शेपटी हलवून पाण्याची खुशामत करून राहिली!" असे लोक त्यांनी नोकरीत पाहिले होते.

सात नंबरनं कमाल केली. रुंद शेपटी आणि वजन फक्त चार ग्रॅम एकतीस. ड्रममध्ये ती लग्नाच्या मांडवातल्या नवरीसारखी उतरली. नऊ सेकंद.

"हेच!" गुणवंता ओरडला. देवकाबाईंनी हात जोडले.

पुंडलिकरावांनी मात्र सात नंबर चिमट्यानं उचलली आणि पेढ्याच्या रिकाम्या डब्यात टाकली. वजनात नियमाबाहेर फरक निघालेल्या अकरा अळ्या डब्यात गेल्या, डब्याला दोरी, दोरीवर लाख, लाखेवर शिक्का. जप्त. बाहेर राहिली एकटी चार नंबर.

"अजी," देवकाबाई म्हणाल्या, "मासा का पाकीट वाचून खाते?"

"पाच लिहिलं आणि चार एकतीस दिलं. असा माल मी वापरला तं एकतीस वर्षं लोकायले कोणत्या तोंडानं पकडलं?"

रविवारी दिवसभर त्यांनी चार नंबर विहिरीत सोडली. टपकन बुडायची. चंचलनं एकदा कपारीतून तोंड काढलं, अळी खाली जाताना पाहिली आणि तोंड आत घेतलं. खात्यातले साहेब अर्ज पाहायचे ते असेच.

सोमवारी कुलदीप आला, पंप सुरू झाला. पाणी उतरू लागलं. कपार उघडी पडायला हातभर पाणी उरलं. देवकाबाई काठावर बसल्या होत्या, मांडीवर चतकोर भाकर. भाकरीची कड मोडत होत्या.

पुंडलिकरावांनी तिकडे पाहिलं. मग वहीकडे. मग परत तिकडे.

"कुलदीप, पंप बंद कर. पंचनामा करायचा हाय."

"कायचा, काका?"

"शिक्का तोडायचा. दोन पंच लागतात. तू आणि गुणवंता."

कुलदीपनं न वाचता सही ठोकली. पुंडलिकरावांनी लाख तोडली. सात नंबर गळाला लागली. गळाचं टोक त्यांनी आधीच घासून बोथट केलं होतं. अळी पाण्यावर पडली, शेपटी हलवत, खुशामत करत उतरू लागली. चार... पाच... सहाला पाणी फाटलं.

"सहा सेकंद!" गुणवंता किंचाळला. चंचल बादलीत, बादली ड्रममध्ये, अंगणभर पाणी. देवकाबाईंनी भाकर टाकली. चंचलनं ती जराही मनात राग न ठेवता खाल्ली.

कुलदीप कागद उलटा-सुलटा करत होता. "काका, म्हणजे माह्याच सहीनं माहा रस्सा गेला?"

"पंप बंद असताना निघाली, गाळ काढताना नाही. नियमानं गेला," पुंडलिकराव म्हणाले.

मग ते काट्यापाशी बसले. सात नंबर पुसून ठेवली. तीन ग्रॅम नव्वद. शेपटीचा तुकडा गायब. त्यांनी डबा पुन्हा बांधला, लाख लावली आणि वहीत लिहिलं: 'घट, एक्केचाळीस शतांश ग्रॅम. जबाबदार: चंचल, राहणार ड्रम.' थोडं थांबून पुढे आणखी लिहिलं, 'कारवाई नाही.'

एकतीस वर्षांत ते दोन शब्द त्यांनी पहिल्यांदाच लिहिले होते.