वन्संच्या फोटोखालची जाहिरात

आमच्या नातीचं बारसं पोटातल्या गॅसमुळे मोडता मोडता राहिलं. आणि त्या वेळी आमच्या घरात एकाचंही पोट बिघडलेलं नव्हतं!

सगळं नीट सांगते, पहिल्यापासून. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण तीन वर्षं झाली, स्वयंपाकाचा ब्लॉग लिहिते. लिहिते म्हणजे काय, मी बोलते आणि मोबाइल लिहितो. (आमचे हे म्हणतात, "हिचं बोलणं मधे न तोडता ऐकणारा एकदाचा भेटला!") शेंगाची चटणी, कडक भाकरी, भरली वांगी असले आमचे सोलापुरी पदार्थ मी त्यात सांगते. सांगता सांगता शेजारच्यांच्या चार गोष्टीही सांगते. त्यासाठीच लोक वाचतात असा मला संशय आहे.

तर आमच्या सूनबाईला, स्नेहलला, मुलाच्या पाठीवर मुलगी झाली. ती बाळंतपणाच्या रजेवर घरी होती. कॉम्प्युटरवर काम करणारी पोर ती, तिला स्वस्थ बसवेना. एके दिवशी बाळाला पायावर झोपवता झोपवता म्हणाली, "आई, तुमच्या ब्लॉगवर जाहिराती लावायची परवानगी आली. कुठं कुठं लावायच्या, तेवढं ठरवा."

"कसल्या जाहिराती?"

"ते आपल्या हातात नाही. काय दाखवायचं ते कंपनी ठरवते. कुठं दाखवायचं ते आपण."

म्हणजे पाहुणा कोण येणार ठाऊक नाही, पाट मात्र मांडून ठेवायचा! मला हे भलतंच आवडलं. आमचे हे लगेच पेपर बाजूला ठेवून पुढे सरसावले. यांचा जन्म चादरीच्या दुकानात गेला.

"यात काय ठरवायचंय? बोर्ड दारावर लावतात. सगळ्यात वर एकच मोठी जाहिरात ठोका!"

"अहो, म्हणजे चटणी वाचायला आलेल्या बाईला आधी टकलावरचं तेल बघायचं का?"

"बाबा, वर नको," स्नेहल म्हणाली. "वाचताना बोट जिथं थांबतं, तिथं पाहिजे. मजकुराच्या मधोमध."

मधोमध! मी ताडकन उठलेच. "जेवणाऱ्याच्या भातात खडा टाकू? अगं, पान वाढायची काही रीत असते का नाही?"

आणि मग मी त्या दोघांना रीत शिकवली. (देवानं तेव्हाच माझी वाचा बसवायला हवी होती.) हे बघा, म्हटलं, ब्लॉगचं पान म्हणजे ताटच. वर मीठ आणि लिंबू, म्हणून तिथं एक चिमुकली जाहिरात. डावीकडे चटणी-कोशिंबीर, तिथं एक अरुंद, लांबट. उजवीकडे भाजी, तिथं जरा ऐसपैस. मधली जागा भाताची! तिथं फक्त माझा मजकूर, तिथं परक्यानं हात घालायचा नाही.

स्नेहल म्हणाली, "पण आई, मोबाइलवर..."

"मोबाइल असो नाहीतर केळीचं पान असो, चटणी डावीकडेच!"

तिनं बिचारीनं मी सांगितलं तसं वाढलं. कॉम्प्युटरवर मला दाखवलं. काय सुंदर दिसत होतं ते पान! नुसता वास यायचा बाकी होता.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, राहणार वळसंग, वय ऐंशीच्या पुढे, राग पंचविशीतला. मला मुलगी नाही, त्यामुळे आमच्या घरी आत्याचा मान वन्संचाच. पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगायचं ते त्यांनीच. थोरल्या नातवाच्या बारशाला मात्र पत्रिकेत त्यांचं नाव खाली कुठंतरी गेलं होतं, मंडपवाल्याच्या जरासंच वर. तेव्हापासून पाच वर्षं आमच्यात बोलणं होतं, पण ते हवामानाचं. "तिकडं ऊन काय म्हणतंय?" एवढंच.

या खेपेला काहीही करून त्या यायलाच हव्या होत्या. ह्यांनी तर सांगूनच टाकलं होतं, "आक्का आली नाही, तर नाव ठेवायचं नाही. पोरगी मोठी झाली की स्वतःच ठेवील."

म्हणून मी एक डाव टाकला. वन्संच्या शेंगाच्या चटणीची कृती ब्लॉगवर घालायची, सगळ्यात वर त्यांचा फोटो आणि खाली तोंडभर कौतुक. फोनवर विचारलं तर स्वारी खूश! चाळीस वर्षं दडवलेली कृती पाच मिनिटांत सांगून मोकळी. वर म्हणाल्या, "फोटो हिरव्या साडीतला टाक बरं का. आन् ऐतवारी येते मी बारशाला, जा!"

मी हिरव्या साडीतला फोटो टाकला. खाली लिहिलं, "वळसंगच्या आमच्या वन्सं. चाळीस वर्षांचा अनुभव. हाताला गुण असा, की एकदा घेऊन गेलेला माणूस पुन्हा येणारच!" आणि निवांत झोपले.

सकाळी ह्यांनी आपल्या मोबाइलवर ब्लॉग उघडला आणि चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले.

"शारदा, आक्काच्या फोटोखाली हे काय आहे?"

मी मोबाइल ह्यांच्या हातातून ओढूनच घेतला. मोबाइलवर डावं नाही, उजवं नाही, काहीच नाही! अख्ख्या ताटाचा डबा झाला होता. एकावर एक पुडं. सगळ्यात वरच्या पुडात वन्सं, हिरव्या साडीत, हसऱ्या. त्याखाली माझी ती डावीकडची चटणी येऊन बसली होती आणि तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "पोट साफ होत नाही? गॅस? जळजळ? आंबट ढेकर? एका चमच्यात आराम!" आणि त्याच्या खाली माझी ओळ, "चाळीस वर्षांचा अनुभव. हाताला गुण असा..."

"मी तेच सांगत होते," स्नेहल हळूच म्हणाली. "मोबाइलवर सगळं एकाखाली एक येतं."

"मग ओरडून सांगायचं नाही का!"

"तुम्ही ओरडत होता ना, आई."

तिनं तोवर सांगून टाकलं, की कुणाला काय दिसेल ते प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळं असतं, वन्संच्या घरी कदाचित भांड्यांची जाहिरात दिसली असेल. जरा धीर आला. तो अर्धा तास टिकला. मग ह्यांच्या भाच्याचा, म्हणजे वन्संच्या मुलाचा निरोप आला, "मामी, फोटो लई भारी आलाय. आमच्या हिनं तुमच्या पानाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकलाय."

सोबत तो पानाचा फोटो. त्यात वन्सं. गॅस. जळजळ. आंबट ढेकर!

मी वन्संना फोन लावला. उचलला नाही. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. दुसऱ्या दिवशी सहा वेळा लावला. एकदा कुणीतरी उचलला, "आजी कामात हायत," म्हणून ठेवून दिला. ऐंशीच्या बाईला कसलं आलंय काम? रागच तो! ह्यांनी जेवताना बोलणं सोडलं. शुक्रवार उजाडला, रविवारी बारसं. शेवटी मी म्हटलं, चला, पाय धरू.

एसटीनं वळसंगला उतरलो. वन्संच्या घराच्या वळणावर आलो आणि मी जागीच थांबले. दारासमोर चपलाच चपला! वीसेक जोड तरी असतील. ओट्यावर माणसं डोकं खाली घालून बसलेली.

"अहो," मी ह्यांचा हात धरला, "त्या धक्क्यानं वन्सं..."

हे रडवेले होऊन आत धावले. मागून मी, डोक्यावरचा पदर सावरत. आणि पाहतो तर काय? वन्सं मधल्या खोलीत बाजेवर ताठ बसलेल्या. नेसल्या होत्या हिरवी साडी! शेजारी पत्र्याचा डबा, हातात चमचा, समोर पोट धरून बसलेला एक पैलवान.

"काल काय खाल्लतास?"

"जत्रंत मटण, आजी."

"किती?"

पैलवान गप्प.

"आ कर." वन्संनी चमचाभर पूड त्याच्या तोंडात ओतली. "वरनं कढत पाणी पी. सांजच्याला जेवू नगंस. फुडचा!"

मग त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं. "आलीस व्हय, शारदे? बस की तितं. जरा सरकून बस, त्या म्हातारीला वाट दे."

"वन्सं, चुकलं माझं! तो फोटो, ती जाहिरात..."

"अगं, चुकलं काय? त्यो फोटो बघून परवापासनं माणूस हटंना बघ दारातनं! म्हनत्यात, आजी, तुमचं औषध द्या. माजं कुटलं औषध? पर आलेल्या मान्साला मोकळ्या हातानं कसं लावायचं? ओवा, जिरं, सैंधव कुटून दिलं. गुण आला की! आता पार मुस्ती गावापातूरचे लोक यायल्यात."

मला हसावं का रडावं कळेना. पाच वर्षांत वन्सं माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या! मी म्हटलं, "मग रविवारी येताय ना? नाव ठेवायला?"

वन्संनी चमचा खाली ठेवला. "ऐतवारी? ऐतवारी कसं जमंल गं? शनवारी रात्री लोकं खात्यात, ऐतवारी तर गर्दी असती. पेशंट सोडून कसं यू?"

घ्या! रागावल्या असत्या तर समजूत काढता आली असती. पण चाललेला दवाखाना बंद कसा करायचा? मी ह्यांच्याकडे पाहिलं. नवऱ्यानं आयुष्यात एकदा तरी वेळेवर बोलावं अशी माझी फार इच्छा होती. ती त्या दिवशी पुरी झाली.

"आक्का," हे म्हणाले, "तू ये. पेशंटांना पण घेऊन ये!"

(ही इच्छा मी परत कधी धरली नाही.)

वन्सं खुलल्या. म्हणाल्या, "येते. पर एक सांगते. ती माज्या फोटूखालची जाहिरात हाय तितंच राहू दे. हालवलीस तर यायची न्हाय."

मी देवाची शपथ घेऊन हो म्हटलं. आणि शनिवारी दुपारी फोन वाजला.

"शारदे, माजं चूर्ण कुटं गेलं?"

"कुठं म्हणजे? आहे तिथंच आहे, वन्सं."

"न्हाय! सुनेनं आत्ताच दावलं. माज्या पायाखाली ट्रॅक्टरचं टायर आलंय! मी काय पंक्चर काढती व्हय?"

मी घाबरून स्नेहलकडे पाहिलं. तिनं मान हलवली. जागा आपली, माल कंपनीचा. तो त्यांना वाटेल तेव्हा बदलतो. मी फोनवर हे सगळं समजावलं.

"म्हंजे तुज्याच पानावर तुजं चालत न्हाय?"

"वन्सं, घरात तरी कुठं चालतं?"

"ते मला नगं सांगू. टायर असंल तर मी येनार न्हाय. लोक काय म्हनतील?" फोन बंद!

पाळणा सजलेला, पुरणाची डाळ भिजायला घातलेली आणि नातीचं नाव ट्रॅक्टरच्या टायरखाली अडकलेलं. हे हताश होऊन म्हणाले, "मी म्हणत होतो, बोर्ड दारावर लावा..."

"तुम्ही गप्प बसा. स्नेहल, ती जाहिरात काढ. आणि तिथं मी सांगते ते लिही."

मी बोलले, स्नेहलनं लिहिलं. वन्संच्या हिरव्या साडीखाली, भाताच्या त्या पवित्र जागेवर, मजकुराच्या अगदी मधोमध, मोठ्या लाल अक्षरांत, "पोट जड झालंय? वळसंगला या. वन्संच्या हातची ओव्याची पूड. मोफत. वेळ सकाळी सात ते वन्संचा मूड असेपर्यंत." माझ्या ब्लॉगवर जागा आणि माल दोन्ही मी स्वतः ठरवून बसवलेली ही पहिली आणि शेवटची जाहिरात. दमडी मिळाली नाही, पण दहा मिनिटांत फोन आला, "हां, आता बरं दिसतंय. मंडपवाल्याचं नाव कुटं न्हाय न्हवं?"

रविवारी अकराला दारात टेंपो थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी वन्सं, मांडीवर पत्र्याचा डबा. मागे चौदा पेशंट! सगळे बारशाला म्हणून अंघोळ करून, टोप्या-बिप्या घालून आलेले. पैलवानानं तर बाळाला झबलं आणलं होतं.

वन्संनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, "गिरिजा." आम्ही बायकांनी "कुर्रर्र" करत त्यांच्या पाठीत रीतीप्रमाणे थापट्या मारल्या. पाच वर्षांचा दुरावा माझ्या मनात होता, त्यामुळे माझी थापटी जरा जोरात बसली. वन्सं ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मार की, मार. हक्काची हायस." मला हुंदकाच आला.

मग पंगती उठल्या. चौदा पोटांचे विकार आमच्या पुरणपोळीवर असे तुटून पडले, की दुसऱ्यांदा पुरण शिजवावं लागलं. मी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं आणि शेवटी स्वतः बसले. आनंदाच्या भरात किती खाल्ल्या ते सांगत नाही. (पैलवानालाही वन्संनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं नव्हतं.)

चारच्या सुमाराला पोट असं काही फुगलं, की मला बसवेना, उठवेना. बाहेरच्या खोलीत वन्सं डबा उघडून बसल्या होत्या. मी भिंतीला धरत धरत गेले आणि म्हटलं, "वन्सं, चिमूटभर द्या हो. घरचंच माणूस आहे मी!"

वन्संनी मान वरदेखील केली नाही. चमच्यानं भिंतीकडे दाखवत म्हणाल्या, "घरची असलीस तर काय झालं? लाइनीत बस."

बसले. माझ्याच घरात माझा नंबर पंधरावा होता.